वूफर जळू नये म्हणून: गाडीतला अँप जुळवण्याची कृती

सिल्वासा–नरोली रस्त्यावर अथालला संध्याकाळी चहाला थांबा. कारखान्यांची पाळी सुटलेली असते, रस्ता भरलेला असतो, आणि थोड्या थोड्या वेळाने एखादी गाडी अशी जाते की तिच्या काचा बंद असूनही टपरीवरचे पेले थरथरतात. नीट ऐकलं तर या गाड्यांचे दोन प्रकार कळतात. एकीचा ठोका गोल, भरीव असतो. 'धप्प' होतो आणि थांबतो. दुसरीचा ठोका फाटलेला असतो. 'धर्रर्र' करत लांबतो, आणि त्यात डिक्कीच्या पत्र्याचा खडखडाट मिसळलेला असतो. दुसऱ्या गाडीचा वूफर फार दिवस टिकत नाही.

माझा पहिला वूफर याच दुसऱ्या प्रकाराने गेला. वूफरवर '१००० वॅट' छापलं होतं, अँपवरही '१००० वॅट'. दुकानदार म्हणाला, जोडी जमली. पावसाळा संपायच्या आत भिलाडहून परतताना डिक्कीतून जळक्या वार्निशचा वास आला आणि ठोका बंद पडला. दोन्ही आकडे जाहिरातीचे होते, आणि अँपवरचं गेनचं बटण आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. वूफर मारायला एवढ्या दोन गोष्टी पुरतात.

पुढची कृती एका सुट्टीच्या सकाळी होते. घाई करू नका, आणि क्रम मोडू नका.

लागणारं साहित्य

साधा डिजिटल मल्टिमीटर (एसी व्होल्ट आणि ओहम मोजणारा), ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा साइन टोन भरलेला पेनड्राइव्ह, एक पेन्सिल सेल, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, कागदी चिकटपट्टी आणि मार्कर. वूफर आणि अँप या दोघांची माहितीपत्रकं हाताशी ठेवा.

पायरी १: खरा आकडा शोधा

खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा विसरा. तो 'पीक' किंवा 'मॅक्स' असतो. क्षणभर सोसलेला धक्का. आपल्याला हवा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे वूफर सतत पचवू शकेल अशी शक्ती. '१००० वॅट' लिहिलेल्या वूफरचा आरएमएस आकडा २५० असणं अगदी नेहमीचं आहे.

अँपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहा. अमेरिकेतल्या ग्राहक-इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने गाडीतल्या अँपसाठी मोजणीचं एक मानक केलं आहे: १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, विकृती १ टक्क्याच्या आत राहील इतकीच शक्ती मोजायची. 'सीईए-२००६' किंवा नव्या नावाने 'सीटीए-२००६' असं अँपवर लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. नसेल, तर अँपवरचा फ्यूज पाहा. एकूण ३० अँपिअरचा फ्यूज असलेला अँप १३.८ व्होल्टवर फार तर ४१४ वॅट ओढणार, आणि त्यातले ८० टक्के बाहेर देईल असं धरलं तरी सुमारे ३३० वॅट. अशा अँपवर १००० लिहिलं असेल तर ते वाचून सोडून द्या.

पायरी २: कॉईल मोजा आणि जोडणी ठरवा

वूफरच्या टर्मिनलवर मीटर ओहमला लावा. ४ ओहमची कॉईल मीटरवर सुमारे ३.२ ते ३.८ दाखवते, २ ओहमची दोनच्या थोडी खाली. आकडा अनंत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉईल तुटलेली आहे. पुढे जाऊ नका.

एक कॉईल असेल तर प्रश्न मिटला. दोन कॉईल असतील तर जोडणीवर सगळं अवलंबून आहे:

- ४ ओहमच्या दोन कॉईल एकापुढे एक (सिरीज) जोडल्या तर ८ ओहम, समांतर (पॅरलल) जोडल्या तर २ ओहम.
- २ ओहमच्या दोन कॉईल सिरीजमध्ये ४ ओहम, पॅरललमध्ये १ ओहम.
- एक कॉईल असलेले ४ ओहमचे दोन वूफर पॅरललमध्ये २ ओहम.

४-४ ओहमच्या दोन कॉईलवाल्या एका वूफरमधून ४ ओहम निघत नाहीत, हे लक्षात ठेवा. विकत घेताना इथेच बहुतेकांची फसगत होते. एकच कॉईल जोडून दुसरी मोकळी सोडायचाही मोह होतो. तसं केलं तर वूफरची निम्मी सहनशक्ती वाया जाते.

जोडणी झाली की पेन्सिल सेलची चाचणी करा. सेलचं धन टोक वूफरच्या धन टर्मिनलला आणि ऋण टोक ऋणाला क्षणभर टेकवा. पडदा बाहेरच्या बाजूला उडी मारायला हवा. तो जागचा हलला नाही, तर दोन कॉईल एकमेकींच्या उलट जोडल्या गेल्या आहेत. अशा जोडणीत आवाज येत नाही, फक्त उष्णता होते.

पायरी ३: त्याच ओहमला अँप किती देतो ते पाहा

अँपला स्वतःचा एकच आकडा नसतो. ४ ओहमला ३०० वॅट देणारा मोनो अँप २ ओहमला ५०० देऊ शकतो. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न असा: "माझा वूफर २ ओहमला जोडला आहे, २ ओहमला आरएमएस किती?"

जोडी जुळवायचा माझा नियम साधा आहे. वूफरच्या आरएमएसच्या ८० ते १२५ टक्के शक्ती देणारा अँप घ्या. २५० वॅटच्या वूफरला २०० ते ३१२ वॅटचा. दोन अँपमध्ये मन अडकलं तर थोडा मोठा घ्या आणि गेनने त्याला आवरा.

मोठा का, हा प्रश्न रास्त आहे. छोटा अँप स्वतःच्या ताकदीपलीकडे ताणला की लहरीचे माथे कापले जातात. त्यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. पूर्ण कापलेली चौकोनी लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. म्हणजे ३०० वॅटचा अँप बेभान ताणला तर वूफरच्या कॉईलवर ६०० वॅटपर्यंत ओतू शकतो. याउलट थोडा मोठा, पण आवरून लावलेला अँप ठोक्याच्या क्षणीही गोलच राहतो.

किमान ओहमही वाचा. २ ओहमपर्यंतच चालणाऱ्या अँपला १ ओहमचा भार दिला तर तो तापतो, 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लावतो, आणि एक दिवस दिवा न लावताच बसतो. चार चॅनलच्या अँपचे दोन चॅनल जोडून, म्हणजे 'ब्रिज' करून वूफर चालवत असाल तर प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम जाणवतो. ४ ओहमचा वूफर त्याला २ ओहमसारखा वाटतो.

आपलं उदाहरण ठरवू. वूफर २५० वॅट आरएमएस, ४-४ ओहमच्या दोन कॉईल, पॅरलल जोडून २ ओहम. अँप २ ओहमला ३०० वॅट. ही जोडी चांगली.

पायरी ४: खोका पाहा

वूफरला दोन मर्यादा असतात. एक उष्णतेची, ती वॅटमध्ये सांगतात. दुसरी हालचालीची: पडदा किती मिलिमीटर पुढेमागे जाऊ शकतो. वॅटचा आकडा पाळूनही दुसरी मर्यादा तुटू शकते.

बंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरते. नळी काढलेल्या, म्हणजे पोर्ट असलेल्या खोक्यात त्या खोक्याच्या सुराच्या खाली ही पकड सुटते आणि पडदा मोकाट उडतो. खोका ३५ हर्ट्झला जुळवलेला असेल आणि गाण्यात २५ हर्ट्झचा गुरगुराट आला, तर अर्ध्या शक्तीतही पडदा आपटेल. म्हणून पोर्टच्या खोक्याला अँपवरचं 'सबसोनिक' फिल्टर लागतंच. त्याची जागा आठव्या पायरीत सांगतो. वूफरच्या पत्रकात सांगितलेल्या लिटरपेक्षा खोका मोठा असेल, तरी वॅटची सुरक्षित मर्यादा खाली येते.

पायरी ५: तार, फ्यूज, बॅटरी

हिशेब असा: वॅट भागिले ०.८, भागिले १३.८. आपल्या २५० वॅटला साधारण २३ अँपिअर. यासाठी ३० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. फ्यूज तारेला वाचवायला असतो. डिक्कीत, अँपजवळ लावला तर बोनेटपासून डिक्कीपर्यंतची सगळी तार उघडीच राहिली.

पाच मीटर लांबीपर्यंत ८ गेजची शुद्ध तांब्याची तार इतक्या प्रवाहाला पुरते. 'शुद्ध' हा शब्द महत्त्वाचा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच गेजच्या नावाने मिळते, आणि तिचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. सिल्वासात तर स्टरलाइट कॉपरचा तांबं शुद्ध करण्याचा आणि तारेसाठी तांब्याचे दांडे ओढण्याचा कारखाना आहे. ज्या गावात तांबं घडतं त्याच गावच्या डिक्कीत ॲल्युमिनियम शिरतं ही गंमतच आहे. ओळखायची खूण सोपी: एक बारीक तंतू ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम. तेच वापरायचं असेल तर एक मोठा गेज घ्या, ८ ऐवजी ४.

अर्थची तार आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळा. इथल्या पावसात आणि दमट हवेत हा सांधा दोन वर्षांत गंजतो. त्यावर थोडं ग्रीस लावा, आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट तपासा.

लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आणि मूळचा अल्टरनेटर आपल्या उदाहरणातला भार उचलतात. हजार खऱ्या वॅटचा बेत असेल तर हिशेब ९० अँपिअरवर जातो. तिथे आधी अल्टरनेटर, मग वूफर.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस कापू नका. जोडणारे तयार कपलर मिळतात.

पायरी ६: स्टीरिओ कुठपर्यंत स्वच्छ आहे?

अँपच्या आधी स्टीरिओच लहर कापत असेल तर पुढे काही उपाय नाही. बास, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर आणा. टोन पेनड्राइव्हवरूनच लावा. फोन आणि ब्लूटूथ मध्येच आपली अक्कल चालवतात.

स्टीरिओच्या वूफर-आउटपुटला लावलेल्या आरसीए केबलच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या पिनेवर आणि बाहेरच्या कडीवर, मीटर एसी व्होल्टवर धरा. आवाज एकेक घर वाढवा आणि आकडे कागदावर मांडत जा. व्होल्ट प्रत्येक घराला चढत जातील; एका घरानंतर चढण मंदावेल किंवा थांबेल. तिथे स्टीरिओची छत आली. त्याच्या दोन घरं खाली आपली सीमा. ४० घरांच्या स्टीरिओत ती बऱ्याचदा तिशीच्या आसपास येते. चिकटपट्टीवर लिहा: 'आवाज ३०'.

पायरी ७: गेन लावा

सगळ्या कृतीचा गाभा हा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टीरिओच्या आवाजाच्या सीमेशी अँपच्या शक्तीची सीमा जुळवायचं ते बटण आहे.

१. अँपवरून वूफरच्या तारा सोडवा. विसरलात तर पूर्ण ताकदीचा सलग सूर थेट कॉईलवर जाईल.
२. गेन शेवटपर्यंत खाली, बासबूस्ट शून्य, लो-पास फिल्टर सगळ्यात वर, सबसोनिक बंद.
३. गाडी मोकळ्या हवेत सुरू ठेवा. बंद शेडमध्ये कधीही नाही. धूर जीव घेतो.
४. ५० हर्ट्झचा टोन लावा आणि आवाज सहाव्या पायरीच्या सीमेवर आणा. आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळे स्वस्तातला मीटरही इथे बरोबर आकडा देतो.
५. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा. गेन हळूहळू वाढवा आणि खालच्या तक्त्यातला आकडा आला की थांबा.

सूत्र: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. आपल्यासाठी २५० गुणिले २ म्हणजे ५००, वर्गमूळ २२.४ व्होल्ट.

- १५० वॅट: ४ ओहमला २४.५, २ ओहमला १७.३, १ ओहमला १२.२ व्होल्ट
- २०० वॅट: २८.३, २०, १४.१
- २५० वॅट: ३१.६, २२.४, १५.८
- ३०० वॅट: ३४.६, २४.५, १७.३
- ४०० वॅट: ४०, २८.३, २०
- ५०० वॅट: ४४.७, ३१.६, २२.४

इथे वूफर आणि अँप यांच्यातला लहान आकडा धरायचा. वूफर २५० आणि अँप ३०० असेल तर २५०. उलट असेल तर अँपचा. गेन फिरवूनही व्होल्ट चढेनासे झाले आणि तक्त्यातला आकडा आलाच नाही, तर अँपची ताकद छापल्यापेक्षा कमी आहे. जिथे चढण थांबली त्याच्या थोडं खाली या आणि तेच कायम करा.

६. आवाज शून्य, गाडी बंद, मगच वूफर परत जोडा.

गेन गाण्यावर न लावता टोनवर का, तेही सांगतो. दादरा-नगर हवेलीच्या १९५४च्या मुक्तिलढ्यात स्वतः उतरलेले सुधीर फडके यांची जुनी गाणी लावून पाहा. त्या ध्वनिमुद्रणात खालच्या सुरांचा भार बेताचा असतो. त्यावर 'बास कमी वाटतोय' म्हणून गेन चढवलात आणि मागोमाग लग्नातलं डीजे रीमिक्स लागलं, की ते छतापर्यंत ठासून भरलेलं असतं. एकाच गेनवर पहिलं गाणं गोड आणि दुसरं कॉईल जाळणारं. शून्य डेसिबलच्या टोनवर लावलेला गेन दोघांनाही सोसतो.

पायरी ८: फिल्टर परत जागेवर

लो-पास ८० हर्ट्झवर आणा. दारातले स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० चालेल. त्यावर नेलं तर ठोका डिक्कीतून येतोय हे कानाला कळायला लागतं. पोर्टचा खोका असेल तर सबसोनिक खोक्याच्या सुराच्या थोडं खाली, ३५ हर्ट्झच्या खोक्याला साधारण ३०. बंद खोक्याला २० ते २५ पुरे.

बासबूस्टला हात लावू नका. ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुराला चौपट शक्ती, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. मघाशी मोजून लावलेले २५० वॅट तिथे १००० मागू लागतात, आणि ते अँपकडे नाहीत.

पायरी ९: रस्त्यावर चाचणी

अथालहून सिल्वासामार्गे खानवेलपर्यंत जा. सिल्वासाच्या पुढे सुमारे वीस किलोमीटरचा हा रस्ता चाचणीला उत्तम: वळणं, खड्डे, मध्ये मध्ये गर्द झाडी आणि शांतता. ओळखीची तीन-चार गाणी लावा. पहिली दहा मिनिटं मध्यम आवाज, मग सीमेवर.

अर्ध्या तासाने थांबून डिक्की उघडा. अँप गरम लागेल, पण त्यावर हात ठेवता आला पाहिजे. फ्यूजची खोबण आणि बॅटरीचा सांधा थंड असायला हवेत. तिथे ऊब म्हणजे सैल जोडणी. वार्निशचा वास आला तर लगेच बंद करा.

लांबच्या प्रवासात आणखी एक गोष्ट कानावर येईल: तासाभराने ठोका थोडा कमी वाटतो. तापलं की तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या जरा आत वाढतो. कॉईल १०० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ चाळीस टक्के वाढतो आणि आवाज जवळजवळ तीन डेसिबलपर्यंत उतरू शकतो. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत हे आणखी लवकर होतं. इथे हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो, तापलेल्या कॉईलवर आणखी शक्ती जाते, ती आणखी तापते. अशा वेळी आवाज दोन घरं खाली आणा आणि दहा मिनिटं साधं काहीतरी ऐका.

इंजिन बंद ठेवून मोठ्याने वाजवू नका. १४.४ व्होल्टवर ३०० वॅट देणारा साधा अँप १२.६ व्होल्टवर सुमारे २३० पर्यंत येतो. म्हणजे चालत्या गाडीत गोल असलेला ठोका उभ्या गाडीत फाटतो. पिकनिकला दुधनीच्या पाण्याकाठी दारं उघडून वाजवलेल्या गाड्यांचे वूफर, आणि बॅटऱ्याही, नेमक्या अशाच जातात.

कुणाला त्रास होतो तेही मोजा

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्र धरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. खालचा सूर भिंती ओलांडून जातो. गाडीत तुम्हाला मजा वाटते तेव्हा रात्रपाळी करून झोपलेल्या कामगाराची खिडकी थरथरत असते. वस्तीत शिरताना काचा वर, आवाज निम्मा. स्वतःच्या कानांचंही पाहा: ८५ डेसिबल आठ तास सोसतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं.

शेवटचं काम

चिकटपट्टीवर चार गोष्टी लिहून ती अँपवर लावा: वूफरचा आरएमएस, जोडणीचा ओहम, गेन लावलेले व्होल्ट, स्टीरिओच्या आवाजाची सीमा. आपल्या उदाहरणात: '२५० – २ ओहम – २२.४ – आवाज ३०'. गेनच्या बटणावर मार्करने बारीक रेघ ओढा. भाऊ, मित्र किंवा गॅरेजवाला कधीतरी ते बटण फिरवणारच. रेघ सरकलेली दिसली की मीटर काढा आणि सातवी पायरी पुन्हा करा. दहा मिनिटांचं काम आहे.